एकशे नऊ तास आणि न थांबलेलं जातं

13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे चार वाजता भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या. 17 सप्टेंबरला संध्याकाळी पाच वाजता निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. बोटांवर मोजा: चार दिवस तेरा तास. म्हणजे 109 तास. आमच्या परभणीकडची म्हातारी माणसं याला आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात आणि पोरांना शाळेत हाच आकडा शिकवला जातो. ऑपरेशन पोलो, मेजर जनरल जयंतनाथ चौधरी, पाच दिवसांच्या आत निजाम शरण. इतिहासाच्या पुस्तकात हा मजकूर पानभरात बसतो.

आता दुसरी बेरीज करू. 15 ऑगस्ट 1947 ला मध्यरात्री देश स्वतंत्र झाला. त्या रात्री परभणी स्वतंत्र नव्हती. नांदेड, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, कुणीच नव्हतं. तिथपासून 17 सप्टेंबर 1948 च्या संध्याकाळी पाचपर्यंत 399 दिवस आणि वर 17 तास जातात. तास करा, 9,593 होतात. त्यातले 109 फौजेचे. उरलेले 9,484 तास कुणाचे? ते शेतकऱ्यांचे होते. पटवाऱ्यांचे, वकिलांचे, शाळा सोडलेल्या पोरांचे होते, आणि सगळ्यात जास्त घरातल्या बायांचे होते. फौजेच्या एका तासामागे साध्या माणसांचे 87 तास आहेत. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं, कारण ज्या लढ्याच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो त्यातला शंभरातला जेमतेम एक तासच आपल्याला माहीत आहे, हे पचायला जड जातं.

फौजेचं मोठेपण यात कमी होत नाही. ती आली नसती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. पण ती येईपर्यंत लढा धरून कुणी ठेवला, हा हिशेब आपण कधी मांडलाच नाही.

समोर कोण होतं तेही पाहू. हैदराबाद संस्थानाचं क्षेत्रफळ 82 हजार चौरस मैलांच्या वर होतं. 1941 च्या शिरगणतीत लोकसंख्या 1 कोटी 63 लाख. जिल्हे सोळा, त्यातले आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. राजा मीर उस्मान अली खान. 1937 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याचं चित्र मुखपृष्ठावर छापलं आणि त्याला जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हटलं. राज्याची सुमारे दहा टक्के जमीन ‘सर्फे खास’ होती, म्हणजे थेट त्याच्या खाजगी खर्चासाठी. त्याच्याकडे बावीस हजारांची शिस्तबद्ध फौज होती, आणि लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाताखालच्या रझाकारांचा, म्हणजे सशस्त्र स्वयंसेवकांचा, आकडा दोन लाखांपर्यंत सांगितला जात होता. दोन्ही धरले तरी प्रत्येक बंदुकीमागे निःशस्त्र माणसं सत्तरच्या वर होती. त्या निःशस्त्रांना चार माणसांची सभा घ्यायची तरी परवानगी लागायची. ‘गश्ती निशाण 53’ हे त्या हुकमाचं नाव. लिहिता-वाचता येणारे शंभरात दहाही नव्हते, आणि वरच्या शाळेत गेलं तर शिकणं उर्दूतून.

अशा मुलखात 1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. कुठे? परतूरला. आज परतूर जालना जिल्ह्यात आहे. 1981 मध्ये जालना वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेलं. त्या काळी परतूर परभणी जिल्ह्यातलं होतं. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, आणि 24 ऑक्टोबर 1938 ला सत्याग्रहाची पहिली तुकडी निघाली तिच्याही पुढे हेच नानल होते. त्या दिवसापासून मोजलं तर हा लढा 3,616 दिवस चालला. फौजेची त्यातली पावलं पाच दिवसांची.

या दिवसांत माणसं काय करत होती? स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी सांगत होते ते ऐकायला साधं वाटतं. तिरंगा लावा. लेव्हीचं धान्य देऊ नका. शिंदीची झाडं तोडा, कारण आबकारीचा पैसा सरकारच्या तिजोरीतला मोठा पैसा होता. पटवारी आणि पाटलांनी राजीनामे द्यावेत, दप्तर सरकारच्या हाती लागू देऊ नये. वकिलांनी वकिली सोडावी, पोरांनी शाळा सोडावी. यातलं एकेक काम म्हणजे एकेका घराची भाकर बंद होणं. वतनदार पटवारी राजीनामा देतो तेव्हा तो पिढ्यांचं वतन पणाला लावतो. 1948 पर्यंत तुरुंगात गेलेल्यांचा आकडा वीस हजारांच्या वर गेला होता.

आणि सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, तिथे भारताचं राज्य. उमरखेड, पुसद, वाशीम, लोणार इथून पोरं रात्री आत यायची, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळायची, रझाकारांच्या ठाण्यांवर जायची आणि उजाडायच्या आत परतायची. 30 जानेवारी 1948 ला, ज्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या लागल्या त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक या पोरांनी लुटली. रक्कम वीस लाखांच्या वर होती आणि ती लढ्याच्या कामी गेली. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे याच लढ्यात कामी आले. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, 1999 पासून हिंगोलीत आहे. तिथलं महाविद्यालय आज त्यांचं नाव चालवतं. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके शस्त्रं घेऊन छावण्यांपर्यंत जायच्या. ही नावं निदान आपल्यापर्यंत पोचली.

पुढे केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी या सरहद्द छावण्यांना मान्यता दिली. पहिल्या यादीत 98 छावण्या होत्या, नंतर आणखी 18 जोडल्या. हा 98 चा आकडा धरून मी एक हिशेब केला. कागदोपत्री पुराव्याचा तो नाही, चुलीपुढे बसून केलेला अंदाज आहे. पण प्रत्येक पायरी कुणालाही घरी तपासता येईल.

ज्वारीची एक भाकरी घ्या. पीठ वजनकाट्यावर ठेवलं तर साधारण शंभर ग्रॅम. राबणारा तरुण एका वेळी तीन भाकऱ्या सहज खातो. दोन वेळच्या सहा. शंभर जणांच्या रोज सहाशे. म्हणजे साठ किलो पीठ. आता जात्याकडे या. एक बाई खुंटा धरून बसली, मूठमूठ ज्वारी जात्याच्या तोंडात टाकत राहिली, तर तासाला दोन-अडीच किलोच्या वर पीठ पडत नाही. अडीच धरू. साठ भागिले अडीच, चोवीस. दिवसाचे तासही चोवीसच. याचा अर्थ शंभर पोरांना दोन वेळ जेवू घालायचं तर एक जातं दिवसरात्र, एक क्षणही न थांबता फिरलं पाहिजे. एक बाई उठली की दुसरीने बसायचं, दुसरी उठली की तिसरीने. 399 दिवस.

हे फक्त दळण झालं. ज्वारी निवडायची, पाखडायची. पाणी आडावरून शेंदून आणायचं. सरपण गोळा करायचं. परातीत पीठ मळायचं, एकेक भाकरी थापायची, तव्यावर पाण्याचा हात फिरवायचा, आरावर शेकायची. एका भाकरीला दोन मिनिटं धरली तरी सहाशेचे वीस तास होतात. म्हणजे जात्याशेजारी चूलही जवळपास अखंड पेटलेली.

98 छावण्यांत सरासरी पन्नासच माणसं धरू, म्हणजे 4,900. रोजच्या 29,400 भाकऱ्या. एकीवर एक रचल्या, एकेकीची जाडी अर्धा सेंटिमीटर, तर 147 मीटरचा मनोरा होतो. एका कुतुबमिनारावर दुसरा ठेवावा एवढा. रोज एक. दुसऱ्या दिवशी तो संपलेला, आणि पुन्हा पायापासून रचायचा.

काही ठिकाणी पिठाची गिरणी असेल, काही दिवस नुसत्या कण्या शिजल्या असतील, छावण्या सगळ्या एकाच वेळी चालल्या नसतील. हे सगळं वजा करा, निम्मं करा, पाव करा. तरीही जे उरतं ते कुठल्याही सेनापतीच्या चरित्रात न मावणारं आहे. आणि यात छावण्यांबाहेरची घरं धरलीच नाहीत. भूमिगत कार्यकर्ता रात्री बारा वाजता दार वाजवतो. दार उघडणारीला ठाऊक असतं, सकाळी रझाकार आले तर पहिल्यांदा चुलीतली राख चाचपून बघतील. ती तरीही चूल पेटवते. या चुलींना कुणी मान्यता दिली नाही, कारण तसा नियमच नव्हता. पेन्शनसाठी सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा दाखला लागायचा, बायकांना तीन महिन्यांचा, किंवा भूमिगत असल्याचा पुरावा. जात्यामागच्या तासांचं हजेरीपुस्तक कुणी ठेवलंच नव्हतं.

आणि आता तो आकडा, जो सांगताना मराठवाड्यात आजही आवाज खाली येतो. तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणं मला प्रामाणिक वाटत नाही.

त्या 109 तासांत निजामाच्या बाजूचे किती मेले? संस्थानांच्या विलीनीकरणाचं काम पाहणारे व्ही. पी. मेनन यांनी आकडा लिहून ठेवला आहे: आठशेहून थोडे अधिक. फौजेची मोजदाद अशी असते, शेकड्यापर्यंत नेमकी. त्यानंतरच्या आठवड्यांत गावोगाव जे झालं त्याची चौकशी करायला पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवलं. 1948 च्या नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत ते सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले, पाचशेहून अधिक माणसांशी बोलले. रझाकारांनी आधी जे अत्याचार केले त्यांचीही त्यांनी नोंद घेतली. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा, जे मुख्यतः मुसलमान होते, त्यांचा अंदाज निघाला 27 हजार ते 40 हजार. सगळ्यात वाईट झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले शेजारी उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल सरकारने दडवून ठेवला आणि तो लोकांना सहज पाहायला मिळायला एकविसावं शतक उजाडलं.

खालचा आकडा धरला तरी रणांगणावरच्या एका मृत्यूमागे गावात तेहतीस मृत्यू. पण मला रात्री जागं ठेवतो तो दुसराच आकडा. 27 आणि 40 यांच्यामधला फरक. तेरा हजार. तेरा हजार माणसं जिवंत होती की मेली, हेच आपल्याला माहीत नाही. एकेका माणसामागे आई होती, घराचं दार होतं, बाजाराच्या दिवशीची ओळखीची हाक होती. रझाकारांनी मारलेल्या हिंदू खेडुतांचीही अशीच गत आहे, त्यांचीही पुरी मोजणी कुठे नाही. सैनिक पडला तर त्याचा क्रमांक असतो, तुकडी असते, घरी तार जाते. साधा माणूस पडला तर तो ‘सुमारे’ या शब्दात विरघळून जातो. जगभर हेच आहे. दुसऱ्या महायुद्धात जे काही कोटी जीव गेले त्यात सैनिकांपेक्षा साधी माणसं कितीतरी जास्त होती, आणि तिथेही अंदाज कोटी-दीड कोटीने मागेपुढे होतात.

त्याच अहवालात एक नोंद आहे, ती मी कधी विसरणार नाही. हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची उदाहरणं त्यांना ठिकठिकाणी सापडली, आणि एका धंद्यात तर ती विशेष होती. विणकरांत. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या आड उभे राहिले, काहींनी त्यात जीव गमावला. त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. हातमागाशी हातमाग लावून बसण्याची वर्षानुवर्षांची सवय होती, तीच उभी राहिली. वाचवणाऱ्यांचा आकडाही कुणी काढला नाही. परभणीत आजही दरवर्षी 2 फेब्रुवारीला हजरत तुराबुल हक शाह यांच्या उर्साला सगळ्या धर्मांची माणसं लोटतात. त्या गर्दीत वाचलेल्यांची आणि वाचवणाऱ्यांची नातवंडं खांद्याला खांदा लावून चालत असतील, आणि त्यांना एकमेकांची ओळखही नसेल.

जात्यावर बसलेल्या त्या बायांपैकी 1948 मध्ये बारा वर्षांची असलेली एखादी पोर घ्या. 1972 उजाडलं तेव्हा ती छत्तीसची झालेली. पाऊस नाही. आड आटलेले. मराठवाड्यात त्या साली पुन्हा युद्धासारखी जमवाजमव झाली, फक्त शत्रू दुष्काळ होता. परभणीत त्याच वर्षीच्या 18 मे रोजी कृषी विद्यापीठ सुरू झालं, आणि भोवतालच्या शिवारात पेरायला ओल नव्हती. ही बाई डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या कामावर गेली. खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, दुपारी पोराला सुकडी मिळाली, रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर रोज हजर असलेल्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोचली. राज्याची तेव्हाची लोकसंख्या पाच कोटी, म्हणजे म्हातारेकोतारे, तान्ही मुलं धरून दहात एक माणूस. त्या वेळच्या भारतीय लष्कराच्या पाचपटीहून मोठी ही फौज, आणि तिच्या हातात टिकाव, फावडं, पाटी. निम्म्यांनीच माती वाहिली आणि प्रत्येकाने दिवसात शंभर पाट्या टाकल्या असं धरलं तरी एका दिवसाच्या पंचवीस कोटी पाट्या होतात. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, तिचा 1977 मध्ये कायदा झाला, आणि 2005 मध्ये देशाने तसाच कायदा केला.

पन्नास लाख हा आकडा आपल्याला कसा कळला? मस्टरमुळे. दर कामावर एक मस्टर असे. त्यात नाव लिहिलं जाई, दिवसाची खूण होई, आठवड्याच्या शेवटी अंगठा उठे. कित्येक बायांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कागदावर आलं ते त्या मस्टरवर. चोवीस वर्षांपूर्वी याच बाईने जातं फिरवलं होतं तेव्हा मस्टर नव्हतं, म्हणून ती इतिहासात नाही. काम तेच होतं. हातही तेच होते.

दर 17 सप्टेंबरला परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानात स्मारकापाशी झेंडावंदन होतं. हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, दिलीच पाहिजे. पण 1948 मध्ये पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आता नव्वदी ओलांडून गेलंय. रझाकारीतलं स्वतः पाहिलेलं सांगणारं एखादंच माणूस एखाद्या गावात उरलं आहे, आणि पुष्कळ गावांत तेही नाही. त्यांच्यामागून त्यांच्या मुली-सुना आहेत, ज्यांनी हे आईच्या, सासूच्या तोंडून ऐकलं. त्याही सत्तरी गाठत आहेत.

परभणी जिल्ह्यात आज साडेआठशेच्या आसपास गावं आहेत. प्रत्येक गावात कुणी एकाने शंभर पानी वही घ्यावी. शाळेतल्या मास्तरांनी घ्या, ग्रामपंचायतीतल्या ताईंनी घ्या, कॉलेजात जाणाऱ्या पोरीने घ्या. म्हाताऱ्या माणसांपुढे बसावं आणि विचारावं: दळण कुणी दळलं? रात्री दार कुणी उघडलं? गावातलं कोण मारलं गेलं, दोन्हीकडचं? कुणी कुणाला घरात लपवलं? जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहावं, नावगाव विचारून लिहावं, आणि वही गावच्या वाचनालयात किंवा शाळेच्या कपाटात ठेवावी. साडेआठशे वह्या म्हणजे 85 हजार पानं. एवढं मोठं मस्टर मराठवाड्याने अजून भरलेलं नाही. पहिलं नाव तुमच्या घरातल्या आजीचं लिहा, आणि ते याच दिवाळीत लिहा.